शेवंता आणि तेलाचा पंखा

तार हातात असली की शेवंता कोणासाठी उठत नसे. माझ्या बायकोची ही खोड साऱ्या पांढुर्ण्याला ठाऊक होती. स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं मोटर-वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरची मोटर जळली की लोक ती बैलबंडीत घालून नाहीतर बसच्या टपावर टाकून आमच्याकडे आणत. जळकी तार तोडून काढायचं काम माझं, नवी तार लाकडी साच्यावर गुंडाळून कॉइल पाडायचं काम तिचं. ती जमिनीवर पाय पसरून बसायची. उजव्या हातात साच्याची मूठ, डाव्या हाताच्या बोटांतून तांब्याची तार. मग दारात पाहुणा येवो, माझी आई येवो, नाहीतर बिजली ऑफिसचा साहेब येवो, ती हलायची नाही. "बसा, येते थोड्या वेळानं," एवढंच बोलायची, तेही मान वर न करता.

माझ्या थोरल्या भावाला याचा राग यायचा. एकदा तो दारातच उभा राहून मला म्हणाला, "काऊन गा, तुही बायको जेठाले पाहून उठत नाई?" मी काही बोलायच्या आत आतून आवाज आला, "उठली असती जी, पण तार ढिली पडली तं मोटर पुन्हा जळन. मंग तुमी याल का बांधाले?" भाऊ चहा न घेता गेला. मी तिला म्हटलं, एवढं बोलायची गरज नव्हती. ती म्हणाली, "मी तं बसूनच बोलली. उठून बोलली असती तं जास्त लागलं असतं."

मी चौथी शिकलेला माणूस. लिहायची सवय नाही. तिला जाऊन वर्ष होत आलं. दुकान केव्हाचंच बंद झालं, आता नव्या मोटरी स्वस्त झाल्या, जळली की फेकून देतात. सकाळी उठतो, चहा करतो, दोन कप होतात, एक सांडून देतो. थकवा आला आहे आणि झोपून तो जात नाही. बोलायला कोणी नाही म्हणून हे लिहीत बसलो आहे. ती चांगली होती असं सगळेच म्हणतात, मेलेल्या माणसाला तसंच म्हणतात. ती कशी होती ते मला सांगायचं आहे.

उंच होती. माझ्यापेक्षा उंच. लग्नात लोक हसले होते. रंगानं काळी, हात लांब, आवाज मोठा. शाळेत गेली नाही, पण कोणाला भ्यायचीही नाही. चुकली तरी आवाज खाली येत नसे. चुकायची पुष्कळदा. मीठ दोनदा घालायची, उलट दिशेची बस पकडायची आणि बसमध्ये बसल्यावर ड्रायव्हरलाच म्हणायची की तुमीच चुकीच्या रस्त्यानं जाऊन राह्यले.

तिचं माहेर रामाकोन्याच्या पलीकडे. गावाचं नाव लिहीत नाही, तिथं आता नवे लोक आहेत आणि त्यांनी काही केलेलं नाही. गावाबाहेर आमची बौद्धांची वस्ती. वस्तीतून मोठ्या सडकेला जायचं तर रस्ता पाटलाच्या घरासमोरून. आमच्यातला नवरदेव त्या घरासमोरून बसून जात नसे. घर आलं की बंडीतून उतरायचा, जोडे हातात घ्यायचा, वाजवणारे वाजवणं थांबवायचे, आणि सगळे मुक्यानं पुढं जायचे. घर मागं पडलं की पुन्हा जोडे घालायचा, पुन्हा बंडीत बसायचा.

शेवंतानं हे एकदाच पाहिलं होतं, लहान असताना, बळीराम काकाच्या लग्नात. ती बंडीत त्याच्या मागंच बसली होती. तिचा बाप लवकर गेला, तिला आणि तिच्या धाकट्या भावाला, मधुकरला, या काकानंच वाढवलं. ती सांगायची, "काका उतरला तवा मले वाटलं, लघवीले चालला. मंग जोडे हातात घेतले. पुन्हा बंडीत बसला तं माह्याकडं पाह्येच ना. अख्खा रस्ता पाह्यलं नाई त्यानं." एवढं सांगून ती गप्प व्हायची, आणि ती गप्प बसणारी बाई नव्हती.

मी सांगतो आहे त्या काळात, म्हणजे ऐंशी सालानंतर, उतर असं कोणी म्हणत नव्हतं. वस्तीतली पोरं शिकली होती, नोकऱ्यांना लागली होती. जुना पाटील मरून गेला होता. पण वरात निघाली की लोक शेतातल्या पांदीनं जायचे. कोणी विचारलं तर म्हणायचे, पांदण जवळ पडते. पांदण लांब होती आणि काट्यांची होती.

मधुकर तिगावला रेल्वेत लागला होता. त्याचं लग्न ठरलं, सौंसरची मुलगी. लग्न सौंसरला, म्हणजे नवरदेवाला घेऊन वऱ्हाड गावातून निघणार आणि सडकेवर उभ्या केलेल्या बसमध्ये बसणार. शेवंता त्याच दिवशी माहेरी जाऊन सांगून आली की मधू पाटलाच्या घरासमोरून जाईल, गाडीत बसून जाईल, आणि हळू जाईल. बळीराम काका म्हणाला, "पांदीनं जाऊ पोरी. लग्नाच्या दिवशी तंटा कायले?" ती म्हणाली, "तंटा कोण करून राह्यलं? रस्ता सरकारचा हाये, आपण चालू."

आता गाडी कुठून आणायची. सौंसरला नानाजी म्हणून संत्र्याच्या बगिच्याचे मालक होते. भला माणूस, कमी बोलणारा. त्यांच्या विहिरीवरच्या मोटरी आमच्याकडेच यायच्या. आदल्या उन्हाळ्यात बगिचा वाळायला लागला असताना त्यांची मोटर जळली होती, तेव्हा शेवंता तापात होती, तरी बसून कॉइल पाडून दिल्या होत्या. नानाजी तेव्हा म्हणाले होते, "बाई, कधी काही लागलं तर सांगजा." लोक असं म्हणतात ते म्हणण्यापुरतं. शेवंतानं ते धरून ठेवलं. ती मला घेऊन सौंसरला गेली आणि म्हणाली, "नानाजी, भावाच्या लग्नाले तुमची निळी गाडी पाह्यजे."

ती गाडी त्यांच्या वारलेल्या थोरल्या भावाची होती. परदेशी, शर्यतीची, जुनी. दोन माणसांची, वर छप्पर नाही, जमिनीला टेकल्यासारखी बसकी. इंजिन मागे, आणि त्यात पाणी घालायची सोयच नाही. वाऱ्यानं आणि तेलानं थंड होणारं इंजिन. थोरल्या भावाला पळवायचा नाद, म्हणून त्यानं मुंबईहून समोर एक जाळी बसवून आणली होती. इंजिनातलं गरम तेल नळीनं पुढं यायचं, त्या जाळीतून फिरून थंड होऊन मागं जायचं. गाडी पळेल तेव्हा जाळीला वारा लागायचा. उभी राहिली की वारा नाही, आणि तेल तापायचं. तेल पातळ झालं की इंजिन धरायचं, म्हणजे आतून जाम व्हायचं.

नानाजी म्हणाले, "गाडी नेजा. पण वरातीच्या कामाची नाही ती. पुतण्याच्या लग्नात काढली होती, बँडच्या मागं रांगत गेली आणि चौकात बंद पडली. ढकलत आणली. तुम्ही गावातून सरळ काढा, थांबू नका."

परत येताना बसमध्ये मी तिला म्हटलं, "बरं झालं. पाटलाच्या घरासमोरून जोरात काढतो, कोणाले समजणार नाई." लग्नाआधी मी ट्रकवर ड्रायव्हर होतो, गाडी मीच चालवणार होतो. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी खिडकीबाहेर पाहायला लागलो. मग म्हणाली, "पळून जायाचं असन तं सायकल काय वाईट हाये?"

"अवं पण तापन ते. बरोब्बर त्याच्या दारात बंद पडली तं? मधूले उतरा लागन. ढकला लागन. हेच पाह्यजे का तुले?"

"म्हून तं म्हणून राह्यली. पंखा लावा तिले."

"कोणाले?"

"जाळीले. वारा नाई भेटत म्हणते न तो माणूस? मंग वारा देऊ. माणसाले देतो तसा."

मी हसलो. पण घरी पोचेपर्यंत मला ते पटलं होतं. ती बोलायची वेड्यासारखं, आणि दुसऱ्या दिवशी तेच करावं लागायचं.

भंगारवाल्याकडून एका जुन्या जीपच्या हिटरची छोटी मोटर आणली, बॅटरीवर चालणारी. टेबलफॅनचं पातं कापून, घासून लहान केलं. जाळीच्या मागं लोखंडी पट्ट्या बांधून त्यावर मोटर बसवली, थरथरू नये म्हणून मध्ये सायकलच्या ट्यूबचे तुकडे घातले. हे सगळं नानाजींच्या बगिच्यात, गाडीच्या शेडमध्ये. नानाजी खाट टाकून बसायचे आणि पाहायचे. एकदाच म्हणाले, "भाऊ असता तर मला हाणलं असतं." शेवंता म्हणाली, "मले नसतं हाणलं. मोटर म्या बांधली हाये." खरंच बांधली होती. आतली तार कुजली होती, ती काढून नवी घातली होती.

पंखा सुरू केला. शेवंता जाळीसमोर उकिडवी बसली आणि तिनं पदराचं टोक समोर धरलं. पंख्यानं पदर आत ओढायला पाहिजे होता. पदर तिच्या तोंडावर उडाला. पंखा उलटा फिरत होता, मागची गरम हवा पुढं फेकत होता.

ती लगेच म्हणाली, "दोन तारा बदला. उलटा फिरन."

आमच्या धंद्यात हे रोजचं. विहिरीवरची मोटर उलटी फिरली की लाइनच्या तीनपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करायची, ती सुलटी होते. त्यासाठी डोकं लागत नाही. मी बॅटरीच्या दोन तारा बदलल्या. पंखा फिरला. दोघांनी एकमेकांकडं पाहिलं, झालं म्हटलं. पदर पुन्हा धरायचं ना तिला सुचलं, ना मला. तिला खात्री होती आणि तिची खात्री संसर्गाची होती.

दुसऱ्या दिवशी चालवून पाहायला गाडी बगिच्यातून काढली आणि रामाकोन्याच्या सडकेवर हळूहळू नेली, वरातीच्या चालीनं. शेवंता शेजारी बसली होती, डोक्यावर पदर घट्ट धरून. तेलाच्या उष्णतेचा काटा मेलेला होता, तो काही दाखवत नव्हता. थोड्या वेळानं जळका वास यायला लागला. लिंबाच्या सावलीत गाडी थांबवली. जाळीची नळी हात लावू देईना. आणि पंखा आपला मजेत फिरतो आहे, हवा समोर फेकतो आहे, कालच्यासारखाच.

मला हसू आलं. तिला आलं नाही. "तुमी बदलल्याच नाई तारा," ती म्हणाली.

"बदलल्या. तुह्या डोयासमोर बदलल्या."

"मंग ह्याले काय रोग झाला?"

ती सडकेच्या कडेला बसली, मोटर खोलून मांडीवर घेतली. मी पान्हे देत राहिलो. बऱ्याच वेळानं तिच्या लक्षात आलं. त्या मोटरीला आतल्या फिरणाऱ्या भागातही कॉइल होत्या आणि बाहेरच्या, न फिरणाऱ्या भागातही. बॅटरीच्या तारा बदलल्या की दोन्हींतला करंट उलटा होत होता, म्हणून मोटर होती तशीच फिरत होती. दोघांतल्या एकाचंच तोंड फिरवायला पाहिजे होतं.

ती म्हणाली, "दोघंबी फिरले तं काईच बदलत नाई. एकानंच फिरा लागते."

"घरातबी तसंच हाये," मी म्हटलं. "मीच फिरतो नेहमी."

"तं मंग घर चालून राह्यलं न."

तिनं बाहेरच्या कॉइलची दोन टोकं उलटी जोडली. या वेळी पदर धरला. पदराचं टोक जाळीला जाऊन चिकटलं. तिनं पदर सोडवून डोक्यावर घेतला आणि गाडीत बसली. चुकलं असं ती तेव्हाही म्हणाली नाही. आम्ही पुन्हा सडकेनं रांगत गेलो, थांबत गेलो. ती मधूनमधून उतरून समोर जायची, जाळीच्या कडेनं हात घालून नळीला लावायची. मेलेल्या काट्याच्या जागी तिचा तळहात होता. हात टिकला की म्हणायची, "चाला."

लग्नाचा दिवस मे महिन्यातला. दुपार कलली तरी ऊन होतंच. विहारात वंदना झाली. मधुकर पांढरा सदरा घालून गाडीत बसला, गळ्यात झेंडूचा हार, आणि बसता बसता मला म्हणाला, "भाऊजी, ते खुर्ची लय खाली हाये, मी लोकायले दिसन का?" सौंसरचा बँड पुढं, मग गाडी, मागं पांढऱ्या साड्यांतल्या बाया आणि माणसं. शेवंता गाडीच्या समोरच्या चाकाजवळ चालत होती, तिथून जाळीमागं हात घालता येत होता. बळीराम काका मागं होता. त्यानं नवे जोडे घातले होते, मधुकरनंच घेऊन दिलेले.

वस्ती सुटली. बँडवाले दर घरापाशी थांबायचे, पोरं नाचायची, मी ब्रेकवर पाय ठेवून बसलो होतो. पंख्याचा आवाज येत होता. शेवंता हात लावून बघायची आणि मान हलवायची. सगळं नीट चाललं होतं.

मग पाटलाचं घर आलं. ओट्यावर जुन्या पाटलाचा मुलगा खुर्चीत बसला होता, तोही आता म्हातारा, डोक्यावर ओला टॉवेल. त्यानं मान वर केली. बँड हळू झाला. कोणी सांगितलं नव्हतं, वाजवणारे तर सौंसरचे होते, पण मागून लोकांचा आवाज बंद झाला तसा त्यांचा हातही ढिला पडला. मी आरशात पाहिलं. बाया खाली मान घालून चालत होत्या. आणि बळीराम काकानं जोडे हातात घेतले होते. उन्हानं तापलेल्या रस्त्यावर अनवाणी, दोन्ही जोडे छातीशी धरून, तो चालत होता. त्याला स्वतःलाही समजलं असेल असं वाटत नाही.

शेवंतानं मागं पाहिलं. मग तिनं जाळीमागं हात घातला आणि मला म्हणाली, "तापली. बंद करा."

मी म्हटलं, "आत्ता?"

"तापली म्हणते न. धरन इंजिन. बंद करा."

मी किल्ली फिरवली. गाडी बरोबर पाटलाच्या दारासमोर उभी राहिली. मधुकरचा हात दाराच्या कडीवर गेला.

"मधू, हात काढ तिथून," शेवंता म्हणाली.

"ढकला लागन न बाई."

"ढकलत नाई कोणी. थंडी होऊ दे. तू बस." मग बँडवाल्यांकडं वळून, "तुमी काऊन थांबले? गाडी तापली, तुमी तं नाई तापले. वाजवा."

त्यांनी वाजवायला सुरुवात केली. मी उतरून समोर गेलो, पंखा नीट आहे का पाहावं म्हणून. जाळीच्या कडेनं हात घातला आणि नळी धरली. नळी कोमट होती. हात कितीही वेळ ठेवता आला असता. मी शेवंताकडं पाहिलं. ती माझ्याकडं पाहत नव्हती, ती काकाकडं पाहत होती. मी हात काढला, पुसला आणि चाकापाशी उभा राहिलो.

घरातून म्हाताऱ्याची सून बाहेर आली. तिनं पाण्याची बादली आणून पायरीवर ठेवली. हातात दिली नाही, पायरीवर ठेवली. म्हणाली, "गाडीले पाणी पाह्यजे असन."

शेवंता म्हणाली, "ह्या गाडीले पाणी नाई लागत बाई. तेलाची हाये. थोडा वेळ उभी राह्यली की होते."

सून थोडा वेळ तिथंच थांबली, मग दाराच्या चौकटीला टेकून गाडी पाहत राहिली. ओट्यावरचा म्हातारा काही बोलला नाही. उठलाही नाही. बादली पायरीवर तशीच. बँड वाजत होता, मधुकर बसलेला होता, आणि आम्ही उभे होतो. एका बाईनं फुगडी घालायला दुसरीचा हात धरला. पोरं नाचायला लागली. पहिल्यांदा जरा जपून, मग नेहमीसारखी.

काकाच्या पायाखाली डांबर तापलं होतं. तो एक पाय उचलायचा, मग दुसरा. पाहत राहिला, ओट्याकडं, गाडीकडं, मधुकरकडं. शेवंता त्याला काही म्हणाली नाही. तिनं पाठ फिरवली आणि जाळीमागं उगाच हात घालून बसली. शेवटी काका गाडीच्या मागच्या बाजूला आला, एक हात गाडीवर टेकला, एक जोडा खाली टाकून त्यात पाय घातला, मग दुसरा. नवे होते, घट्ट होते, टाच बसवायला वेळ लागला.

तो सरळ उभा राहिला तेव्हा शेवंता म्हणाली, "झाली थंडी. चाला."

मी किल्ली फिरवली. पहिल्याच झटक्याला गाडी सुरू झाली.

बस सौंसरला निघाल्यावर आम्ही दोघं गाडी घेऊन मागून गेलो. वाटेत मी म्हटलं, "ते बादलीवाली बाई बरी होती."

ती म्हणाली, "बाई बरीच होती. पायरी तिची नोती."

नळीचा विषय मी काढला नाही. नानाजींना गाडी परत केली तेव्हा त्यांनी विचारलं, "कुठं तापली का?" ती म्हणाली, "तापली होती जी एक डाव. पंखा होता म्हून निभावलं." नानाजींनी मान हलवली. पंखा काढू का विचारलं तर म्हणाले, राहू द्या, आणखी कोणाच्या लग्नात लागेल. लागलाही. वस्तीतल्या बऱ्याच पोरांनी ती गाडी नेली. पांदीनं नंतर कोणी गेलं नाही. आता तिथं कोणाला ठाऊकही नाही की लोक उतरायचे. मधुकरच्या मुलीच्या लग्नात एका पोरानं तिला विचारलं, "आत्या, ह्या घरासमोर तू काऊन थांबली?" ती म्हणाली, "पाय दुखते." मी नंतर म्हटलं, सांगायचं होतं त्याला. ती म्हणाली, "कायले? मालूम नाई तेच बरं हाये. त्याले सरळ चालू द्या."

तिचे पाय खरंच दुखायला लागले होते. मग दम लागायला लागला. नागपूरला नेलं, आणलं. शेवटचे काही महिने ती खाटेवरच होती. तिला भरवायचं, पुसायचं, कुशीवर वळवायचं, सगळं मी करायचो. ती त्यातही चुका काढायची. मी कंटाळायचो, बोलायचो, मग बाहेर जाऊन बसायचो. कंटाळलो नाही असं मी लिहिणार नाही.

एका दुपारी ती जागी होती, बोलण्यासारखी होती. मी तिच्या पायाला तेल लावत होतो. मी म्हटलं, "एक विचारू? पाटलाच्या दारात गाडी थांबवली होती पाह्य, मधूच्या लग्नात. त्या नळीले म्याबी हात लावला होता."

ती वर छताकडं पाहत होती. म्हणाली, "मालूम हाये."

"कसं मालूम? तू तं काकाकडं पाहून राह्यली होती."

"तुमी हात पुसला तवा पाह्यलं म्या."

"मंग इतके वर्स बोलली काऊन नाई?"

"तुमी बोलले का?"

 मी दुसऱ्या पायाला तेल लावायला घेतलं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "तवा तुमी 'कुठं तापली' म्हटलं असतं न, तं काका तसाच गेला असता, अनवाणी. तुमी गुमान उभे राह्यले. ते लय चांगलं केलं तुमी."

एवढ्या वर्षांच्या संसारात तिनं मला चांगलं म्हटलं ते हे एकदा. त्या आठवड्यातच ती गेली.